दह्याला पाणी का सुटतं

दह्याला सुटणाऱ्या पाण्यावर माझ्या थोरल्या भावाइतकं प्रेम करणारा माणूस नवी मुंबईत दुसरा नसेल, हे मी आज छाती पुढे काढून सांगतो. पण नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी मला याच भावाची लाज वाटली आणि मी त्याच्याशी खोटं बोललो, हे आधी कबूल केलेलं बरं.

दादा ऐरोलीत एकटा राहायचा आणि दिघ्याच्या बाजूला एका टूथपेस्टच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होता. ट्यूब दाबली की कधी कधी पेस्टच्या आधी पाण्याचा थेंब येतो. तो येऊ नये, यासाठी कंपनी दादाला पगार देत असे. पेस्ट असो की दही, असं पाणी सुटण्याला रसायनशास्त्रात सिनेरेसिस म्हणतात. दादाने हा शब्द नोकरीच्या सुरुवातीलाच ऐकला आणि तो त्याच्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच. दादाने लग्न का नाही केलं, असं कोणी विचारलं की आई म्हणायची, "केलंय की. सून ग्रीक आहे."

शब्द ग्रीकच आहे. 'सिन' म्हणजे एकत्र, आणि पुढच्या भागाचा अर्थ घेणं. दोन स्वर एकत्र ओढून एक केले की जुने व्याकरणवाले त्याला हे नाव देत. त्यांच्याकडून तो एका स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने उचलला. दह्यासारखा पदार्थ नुसता ठेवला तरी त्याची आतली जाळी हळूहळू आकसते आणि पाणी बाहेर येतं. "दही नासत नाही रे, स्वतःला आवरून घेतं," असं दादा म्हणे, तेव्हा त्याचा चेहरा आरती चालू असल्यासारखा होई.

हे तो कोणालाही सांगे. बँकेतल्या कॅशियरला सांगे, सलूनवाल्याला मान खाली घातलेल्या अवस्थेत सांगे. माझ्याकडे नेरूळला आला की दही आणायला मुद्दाम शिरवण्यात चालत जाई आणि भांड्यात वर आलेलं पाणी बघून दुकानातल्या मावशींचं अभिनंदन करी. त्यांना वाटे हा खोड काढतोय. "पानी हाय त हाय, दही गोड हाय ना? घ्या नि जा," असं त्या ठणकावत. दादा त्यांनाही ग्रीसपर्यंत नेऊनच परत येई. आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्याने याच विषयावर व्याख्यान दिलं. शेवटी समोर दोघंच उरली होती, खुर्च्या उचलायला थांबलेला मंडपवाला आणि माझी मुलगी. मंडपवाल्याचं पुढे काय झालं माहीत नाही, मुलीने मात्र रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं.

त्याच मुलीला बघायला ठाण्याहून पाहुणे येणार होते. आधीच्या एका कार्यक्रमात दादाने मुलाच्या वडिलांना पोहे गार होईस्तोवर ग्रीक शिकवलं होतं. ते स्थळ पत्रिकेवरून फिसकटलं, पण खापर मी मनातल्या मनात दादावर फोडून ठेवलं. म्हणून या वेळी पाहुणे चारला यायचे असताना फोनवर त्याला सांगितलं, सहाला ये.

पाहुणे आले, बसले, हवापाण्याच्या गप्पा संपल्या, तरी मुलगी बाहेर येईना. बायको येऊन माझ्या कानाशी पुटपुटली, "ट्रे खाली ठेवलाय तिने. काका आल्याशिवाय येणार नाही म्हणते."

तेवढ्यात दादाच दारात उभा. कार्यक्रम असला की तास-दीड तास आधी येऊन खुर्च्या मांडायच्या, ही त्याची सवय मी विसरलो होतो. हातात श्रीखंडाचा डबा होता. चक्का त्याने स्वतः टांगला होता. त्याने दाराबाहेरच्या चपला पाहिल्या, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला.

मुलगी बाहेर आली. तिने आधी काकांना नमस्कार केला, मग सगळ्यांना श्रीखंड वाढलं. मुलाच्या आई वाटीकडे बघून सहज म्हणाल्या, "येताना डबा हिंदकळून जरा पाणी सुटलं वाटतं."

आता संपलं, असं मनाशी म्हणत मी डोळे मिटले.

"हो, सुटतं कधी कधी," दादा म्हणाला आणि खाली बघत राहिला.

दुसऱ्या कोणीतरी आपणहून हा विषय काढावा, अशी त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती. विषय निघाला आणि दादाने तो सोडून दिला, माझ्यासाठी. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटी खाली ठेवावी लागली.

मग मीच बोलू लागलो. सिन म्हणजे एकत्र, ते व्याकरणवाले, तो स्कॉटिश माणूस, ती आकसणारी जाळी. जन्मभर कारकुनी केलेल्या मला ते सगळं पाठ होतं, आणि सांगताना माझाच ऊर भरून येत होता. मुलाचे वडील, आजचे आमचे व्याही, चमचा हातात तसाच धरून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही केमिस्ट्रीतले का?"

"मी नाही, हे. माझे मोठे भाऊ. पोरीला केमिस्ट्रीची गोडी यांनीच लावली. आणि यांनी तुमच्यासमोर बोलू नये म्हणून मी आज यांना मुद्दाम सहाची वेळ सांगितली."

बायकोने पदर तोंडाला लावला. आमच्या घरात थोरल्यांची माफी पाया पडून मागायची पद्धत आहे, तोंडाने कोणी काही बोलत नाही. मी उठून दादाच्या पाया पडलो, पण तेवढं पुरेसं वाटेना.

"दादा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला तुझी लाज वाटली. चुकलो रे मी. माफ कर."