अण्णांच्या पायऱ्यांचा फणस

माझे चुलते अण्णा माणसाला कधी चांगलं म्हणत नसत, लाकडाला म्हणत. फळीवर हात फिरवताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मला ते 'भुस्सा' म्हणायचे, आणि तरी मला ते फार आवडायचे. का, ते आजही सांगता येणार नाही.

खंडाळ्याच्या एका पारशी बंगल्यात त्यांनी अधांतरी जिना पाहिला होता. पायरीची जाड फळी एका टोकाला भिंतीत रोवलेली, दुसरं टोक मोकळं, खाली आधार नाही. वलवणच्या आपल्या नव्या घरात तसाच हवा, म्हणून त्यांनी लोणावळ्यातल्या वखारी पालथ्या घातल्या. फळीवर टकटक करून ते वखारवाल्याला तोंडावर सांगायचे, "हे तुझ्यासारखंच, आतून पोकळ."

मनासारखं लाकूड अखेर काकूच्या माहेरी सापडलं, कुरवंड्याला. परसातला तो फणस तिच्या वडिलांनी, आबांनी लावलेला. आबा गेल्यावर माहेरात तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं. हे ठाऊक असूनही अण्णांनी तिच्या भावाशी परस्पर बोलून झाड पाडलं. काकूला नंतर कळलं. वर्षभर वाळवून बसवलेल्या त्या पिवळ्याधमक पायऱ्या देखण्या होत्या, हे मात्र खरं.

वास्तुशांतीला सगळ्यांदेखत अण्णांनी तिला पहिलं पाऊल टाकायला सांगितलं.

"आबांच्या हातचं झाड हाय," ती म्हणाली. "त्यावर पाय न्हाई द्यायची मी."

"मग खालीच राहा. जिन्यावरचं ओझं कमी."

पाहुणे हसले. काकू खालीच राहिली. अण्णांची खोली वर, तिची चूल खाली; ताट कामवाली न्यायची. अशी कितीतरी वर्षं गेली आणि एक दिवस अण्णांचं अर्धं अंग लुळं पडलं. खाली न्यायला आलेल्यांना त्यांनी शिव्या घालून परतवलं. अगदी शेवटी मला म्हणाले, "तिला म्हणावं, एकदा वर ये."

मी चुलीपाशी जाऊन सांगितलं. काकूनं भाकरी उलटली.

"सांग त्यास्नी, मधी माझा बाप आडवा पडलाय. त्याला तुडवत न्हाई यायची मी."

मी तसंच सांगितलं. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्यांची दया आली, पण काकूचा राग येईना.

सकाळी चौघांनी त्यांना खाली आणलं. काकू धाय मोकलून रडली. पण तिनं हात लावला तो अण्णांच्या पायांना नव्हे, पायरीला.