साजगावच्या थंड खोलीत

खोपोलीत शिळफाट्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, आणि हल्ली सगळ्यात जास्त काम चेन बदलायचं. एक्कावन्नाव्या वर्षी मी बर्फात तंबू ठोकून राहायला जाईन असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण सकाळी चालायला जाणाऱ्या आम्हा सहाजणींमध्ये शाळेतल्या एक बाई आहेत, त्या दरवर्षी हिमालयात जातात. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी आमच्या डोक्यात भरवलं: जानेवारीत हिमाचलमध्ये चार दिवसांचा कॅम्प आहे, सगळ्या बायकाच, चढ फारसा नाही, थंडी तेवढी सोसायची. बाकीच्या म्हणाल्या, घरी विचारून सांगतो. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. बर्फ मी तोवर फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता.

सामानाची यादी आली. बूट, कानटोपी, हातमोजे, सगळं कोणाकोणाकडून उसनं मिळालं. अडलं ते स्लीपिंग बॅगपाशी. यादीत लिहिलं होतं, डाउनची, उणे दहाला चालणारी. डाउन म्हणजे बदकाच्या छातीची मऊ पिसं, बाईंनी सांगितलं. आत टोचणारी काडी नाही, नुसता पुंजका. त्यांच्या ओळखीच्या एका दुकानदाराने दोन बॅगा बघायला दिल्या. आवडेल ती ठेवायची, दुसरी डाग न लावता परत करायची.

एक लाल होती, एक राखी. मी दोन्ही कापायच्या टेबलावर पसरल्या आणि सवयीने आधी उलट्या केल्या. लाल बॅग दिसायला गुबगुबीत, पण तिची शिलाई आरपार होती. वरचं कापड आणि अस्तर एकत्र धरून मशीन मारलेलं, गोधडीला मारतात तसं. राखी बॅग दिसायला पातळ, पण तिच्यात वरच्या कापडाची शिलाई वेगळी, अस्तराची वेगळी, आणि मध्ये पातळ जाळीच्या पट्ट्या उभ्या लावून कप्पे केलेले. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. करायला किती वेळ लागला असेल ते मात्र हाताला लगेच कळलं. लेबलवर दोन्हीकडे दोन-दोन आकडे होते. बाई म्हणाल्या, "वरच्या आकड्याला झोप लागते. खालच्या आकड्याला माणूस मरत नाही, एवढंच. तू वरचा बघ."

दोन्हींचा वरचा आकडा एकच होता. मग निवडायची कशी?

रात्री जेवताना मी हे मिस्टरांना सांगितलं. ते खालापूरकडच्या गावचे, घरची भातशेती भावाकडे, आणि स्वतः बावीस वर्षं साजगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. आइस्क्रीम, मटार, मासळी, सगळ्याची खोकी आत लावायची आणि गाडी आली की बाहेर काढायची. त्यांनी दोन्ही बॅगा दाबून बघितल्या आणि म्हणाले, "हितं खोपोलीत काय कळणार गं तुला? आमच्याकडं चल. उणे अठरा हाय. झोप दहा मिनटं."

ते थट्टेने बोलले होते. मी म्हटलं, "येते. रविवारी येते."

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मला उमगायला बावीस वर्षं लागली. मे महिन्यात खोपोलीत घामाच्या धारा लागल्या की आमच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्या मिस्टरांचं बरं आहे, दिवसभर एसीत. मीही म्हणायचे, हो ना, नशीबवान आहेत. उन्हाळ्यात रात्री ते लोकरीची टोपी घालून झोपायचे आणि पंखा बंद करायला सांगायचे, त्यावरून आमची दरवर्षी भांडणं व्हायची. मला तो हेका वाटायचा. त्यांचं कंपनीचं निळं जॅकेट माझ्याच हाताखालून पाच-सहा वेळा गेलं असेल. चेन बदलली, कोपराला ठिगळ लावलं, आतला कापूस बसून सपाट झालेला दिसत होता तरी वरून इस्त्री फिरवली. गिऱ्हाइकाला मी विचारते, हे कुठे घालणार, किती वापरणार. यांना कधीच विचारलं नाही.

रविवारी दुपारी मांडीवर दोन बॅगा घेऊन, मिस्टरांच्या मागे स्कूटरवर बसून मी साजगावला गेले. सुपरवायझर साहेब तरुण होते. ते हसले, "ताई, पहिल्यांदाच कोणी इथे झोपायला आलंय." रजिस्टरमध्ये सही केली. आधी एक बाहेरची खोली होती, तिथेच मला शाल लपेटावी लागली. पुढे प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा, आणि त्यामागे ते दार. तिजोरीसारखं जाड. मिस्टरांचे एक जोडीदार, वीसेक वर्षं बरोबर काम करणारे, दाराशी उभे होते. मिस्टरांनी दार उघडलं आणि चौकटीत लाकडाची एक पाचर सरकवली. जोडीदाराने वरून पायही लावून ठेवला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"असंच," मिस्टर म्हणाले. "चल आत."

मी आत पाऊल टाकलं आणि श्वासच घेता येईना. घेतलेला श्वास नाकात टोचला, नाकातले केस कडक झाल्याचं मला स्पष्ट जाणवलं. डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या. पंख्यांचा आवाज एवढा की मिस्टर काय बोलतात ते तोंडाकडे बघून समजून घ्यावं लागलं. मला वाटत होतं थंडी म्हणजे हुडहुडी. ही तशी नव्हती. कोणीतरी थोबाडीत मारून तिथेच हात दाबून धरावा, तशी होती.

त्यांनी लाकडी फळ्यांच्या चौकटीवर पुठ्ठे टाकून जागा करून ठेवली होती. मी लाल बॅगेत शिरले. पहिलं अर्धं मिनिट बरं वाटलं. मग पाठीवर गार रेघा उमटल्या. एक, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. जिथे जिथे मशीन मारलेलं होतं तिथे पीस नव्हतं, आणि बरोबर तिथूनच थंडी आत येत होती. डोळे मिटूनही मी त्या बॅगेचा पॅटर्न कागदावर काढून दिला असता. तीन मिनिटांत मी बाहेर आले, दात वाजत होते. राखीत शिरले, डोक्यावर टोपडं ओढलं, दोरी आवळली, नाक तेवढं बाहेर ठेवलं. आणि हळूहळू, आधी पोटापाशी, मग मांड्यांपाशी, ऊब जमायला लागली. रेघ नाही, भोक नाही. निवड झाली होती. मला उठून बाहेर यायला हरकत नव्हती.

पण मी पडून राहिले, कारण मिस्टर काम करत होते.

गाडी लागायची होती म्हणून ते थांबलेच नव्हते. खोकं उचलायचं, छातीशी धरायचं, ढकलगाडीवर ठेवायचं, परत वळायचं. ते श्वास छोटे छोटे घेत होते, तोंड मिटून. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. हातमोज्यांची बोटं पुढून कापलेली होती, लेबल सोलायला नखं लागतात म्हणून. अंगावर ते निळं जॅकेट. त्याची शिलाई आरपारची होती. मी किती वेळा ते मशीनखाली घातलं होतं! आत्ताच मला पाठीवर ज्या रेघा लागल्या होत्या त्या यांच्या पाठीवर बावीस वर्षं लागत होत्या, आणि मी बदकाच्या पिसांत गुंडाळून पुठ्ठ्यावर पडून ते बघत होते. रडूही धड आलं नाही, डोळ्यांपाशीच गोठल्यासारखं झालं.

मी बॅगा घेऊन बाहेरच्या खोलीत आले. मिस्टर आतच होते. जोडीदाराचा पाय अजून दाराला होता. मी पुन्हा विचारलं, "भाऊ, पाय का लावून उभे आहात?"

"आतलं हँडल चालत नाय ना वहिनी. दार लागलं तर आतून उघडत नाय."

"घंटा असेल ना आत?"

"ती बी बंद हाय." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमाला म्हाईत नाय? श्रावणात दादा आत अडकले व्हते ते?"

दादा म्हणजे मिस्टर. त्यांनी सांगितलं. पाचर निसटली, दार लागलं. बाहेर कोणी नव्हतं, सगळे गाडीपाशी. आत फोनला रेंज नाही. पाऊण तासाने यांची आठवण आली म्हणून दार उघडलं, तर मिस्टर चालत होते. हातात खोकं घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "दार उघडलं तरी थांबंनात," जोडीदार म्हणाले. "हाताला धरून भाईर आणलं."

श्रावणातली ती संध्याकाळ मला लख्ख आठवली. मी तांदळाच्या भाकऱ्या करत होते. मिस्टर आले, चप्पलही न काढता आत आले आणि शेगडीशी उभे राहून तव्यावर हात धरले. मी म्हटलं, "सरका हो, भाकरी करपेल." ते म्हणाले, "जरा उभा राहतो." मी चिडून म्हटलं, "नुसतं मध्ये मध्ये करायचं." ते बाजूला झाले. ओट्याच्या कडेला जाऊन बसले. मी दुसरी भाकरी थापली.

त्या दिवशी ते जिवंत घरी आले होते, आणि मी त्यांना सरका म्हटलं होतं.

मी ऑफिसात गेले. साहेब संगणकावर होते. मी विचारलं, "आतलं हँडल कधी दुरुस्त करणार?"

ते गडबडले. "ताई, वरती कळवलंय. पार्ट यायचाय."

"कधी कळवलंत?"

ते परत स्क्रीनकडे वळले.

"मग पार्ट येईपर्यंत मी इथे बसते," म्हटलं, आणि खुर्चीत बसले. तेवढ्यात मिस्टर आले. त्यांना कळलं काय झालं ते. माझ्याशी ते कधी इतक्या हलक्या आवाजात बोलले नव्हते. "ऊठ. नोकरी घालवशील माझी. ऊठ गं."

"नाही."

"लोक बघतात."

"बघू दे."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, की माझं तोंड बघून घाबरले, कोण जाणे. त्यांनी खोपोलीतल्या एका मेकॅनिकला फोन लावला. तो दीड तासाने आला, हँडल खोललं, आणि तळहातावर एक गंजलेली स्प्रिंग धरून दाखवली. माझ्या मशीनच्या बॉबिनएवढी. "ही तुटलीय. दुसरी टाकतो, माझ्याकडे हाय." घंटेची वायर सुटलेली होती, तीही जोडली. सगळं मिळून एक तास. चहा प्यायलासुद्धा थांबला तो. श्रावणापासून डिसेंबरपर्यंत माणसं पाचर लावून आत जात होती, ती एका तासाच्या कामासाठी.

"झालं," साहेब म्हणाले.

"मला आत जाऊ द्या आणि दार लावा," मी म्हटलं.

मिस्टर म्हणाले, "मी जातो." मी त्यांच्या अंगावरचं जॅकेट काढून घेतलं, साडीवर चढवलं आणि आत गेले. दार मागे लागलं. त्याचा आवाज मोठा नव्हता, जाड गादीवर काही पडावं तसा. आतून बघितलं तर ते दार वाटतच नव्हतं, नुसती पांढरी भिंत. पाच-सहा श्वास मी तशीच उभी राहिले. त्यांनी हाच पांढरा रंग पाऊण तास बघितला होता. मग हँडल दोन्ही हातांनी दाबलं. दार उघडलं. बाहेर चौघेजण उभे होते, मिस्टर सगळ्यात पुढे, आणि त्यांचा चेहरा असा होता की मी पटकन दुसरीकडे बघितलं.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना मीच विचारलं, "तेव्हा आत काय विचार करत होतात?"

"काय नाय. खोकी मोजत होतो. चुकलं की परत एकपासून."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू जाऊ दिलं असतंस का?"

"नाही."

"मग?" ते म्हणाले, आणि आमटी मागितली.

नोकरी गेली नाही. महिन्याभरात आत काम करणाऱ्या चौघांना नवी जॅकेटंही आली, पण मिस्टर हातमोजे अजून कापूनच घालतात. मी घरी राखी बॅगेसारखे कप्पे करून त्यांना एक बंडी शिवायची म्हटलं, तर ते म्हणाले, ओझं उचलताना आतून घाम येतो, पिसं भिजली की गोळा होतील. ते मला ठाऊक नव्हतं. अशा किती गोष्टी मला ठाऊक नाहीत याची आता भीती वाटते.

लाल बॅग मी उन्हात वाळवून परत केली. राखी घेऊन जानेवारीत हिमाचलला गेले. पहिल्या रात्री तंबूत बाकीच्या बायका कुडकुडत होत्या, आणि मी उबेत पडून टक्क जागी. सकाळी टेकाडावर रेंज मिळाली तेव्हा मिस्टरांना फोन लावला.

"किती हाय तिकडं?" त्यांनी विचारलं.

"उणे सात."

"मग उकडत असंल," ते म्हणाले आणि हसले.

शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं, त्याही हसल्या. मी विचारलं, "आज ड्युटी आहे?" ते म्हणाले, हाय ना, निघालोच. मी म्हटलं, आत जाताना घंटा वाजवून बघा. ते "हो गं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मी हातमोजा काढला आणि उघडा हात बर्फात खुपसला, कोणी बघत नाही असं बघून, आणि दुखेपर्यंत तसाच ठेवला.