गारेगार मिस्त्रीची ओली चादर

एसी दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली म्हणून गल्लीत त्याला सगळे गारेगार म्हणत. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र कण्हत फिरणारा एकच पंखा. लोक त्यावरून टिंगल करायचे आणि तोही हसून सोडून द्यायचा.

त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, शिवणकाम करून. ती दोन घरं सोडून राहायची. तिच्यासाठी त्यानं एक जुना एसी दुरुस्त करून दुकानात ठेवला होता. दोन उन्हाळे तो तिथंच धूळ खात पडला. "ताई, या आठवड्यात नक्की बसवतो."

"तुझा आठवडा येईल तेव्हा येईल," म्हणत ताई एक ओली चादर खिडकीला बांधायची, दुसरी अंगावर घ्यायची. मागच्या मंगळवारी दुपारी ती त्या चादरीखालीच गेली. गारेगार तेव्हा टेकडीवरच्या बंगल्यात सातवं मशीन बसवत होता.

सगळं उरकलं, पण त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आत काही हलतच नव्हतं. चौथ्या दिवशी त्यानं पिशवीत पाने-पक्कड भरली. दोन्ही चादरी दोरीवर वाळून कडक झाल्या होत्या. का कोण जाणे, त्याही त्यानं पिशवीत कोंबल्या.

फोन त्याच बंगल्यातून आला होता. "मिस्त्री, सगळी मशीनं बंद पडलीत. आई आत आहे. असाल तसे या."

बंगल्याच्या मालकांनी तयारीत काही म्हणता काही कमी ठेवलं नव्हतं. स्वतःचा जनरेटर, जमिनीखाली पाण्याची टाकी, कधीही न उघडणाऱ्या जाड काचा. फक्त एसीची बाहेरची युनिटं त्यांना डोळ्यांसमोर नको होती, म्हणून सातही युनिटं मागच्या बाजूला नक्षीदार लाकडी कपाटात बंद केली होती. एकानं फेकलेली गरम हवा दुसऱ्यानं ओढायची. गारेगारनं तीनदा सांगून पाहिलं होतं. "दिसायला बरं दिसत नाही हो," एवढंच उत्तर मिळालं होतं.

आता त्यानं पहार घालून ते कपाट फोडलं. मालकांनी स्वतः फळ्या ओढल्या. मशीनं सुरू झाली, दहा मिनिटं चालली आणि एकेक करून बंद पडली.

"मोठं मशीन आणा. पैशाचा विचार करू नका."

गारेगारनं युनिटवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "शेहेचाळीस अंशांपर्यंत चालतं, असं लिहिलंय. आज एकोणपन्नास आहे. साहेब, मशीन थंडी तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर फेकतं. बाहेर फेकायला जागा तर हवी ना?"

"मग आईला घेऊन थंड गावाला जातो."

"जा की."

"या उन्हात विमानतळही बंद आहे," मालक म्हणाले आणि पायरीवरच बसले. पैसा असून हात बांधल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. गारेगारला त्यांची कीव यायला हवी होती, नाहीतर राग तरी. दोन्हींतलं काहीच आलं नाही.

आत काचांमागे खोली भट्टीसारखी तापली होती. मालकांच्या आईची, त्या आजींची, जीभ कोरडी पडली होती. संध्याकाळपर्यंत तग धरला तर धरला. गारेगार आणि मालक, दोघांनी त्यांना गादीसकट उचलून मागच्या पडवीत, टाकीच्या झाकणाशेजारी आणलं. तिथं निदान सावली होती. गारेगारनं टाकीतून बादली काढली, पिशवीतल्या चादरी बुडवल्या, एक पडवीच्या तोंडाशी बांधली, दुसरी आजींच्या अंगावर पसरली आणि पुठ्ठ्यानं वारा घालू लागला. बऱ्याच वेळानं आजींनी पाणी मागितलं. मालक लहान मुलासारखे रडू लागले.

"हे कुठं शिकलात हो?"

"ताईकडून."

"भागतं एवढ्यानं?"

गारेगारनं चादरीला हात लावून पाहिला. ती वाळायला लागली होती.

"ताईचं मंगळवारपर्यंत भागलं," तो म्हणाला आणि बादली घेऊन पुन्हा टाकीशी गेला.