बाईंची मिश्री

आमच्या शाळेत जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी मुख्याध्यापिका स्टाफरूमच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावतात. ज्यानं त्यानं आपला नव्या वर्षाचा संकल्प त्यावर लिहायचा आणि पाळला त्या दिवशी नावापुढं बरोबरची खूण करायची. संक्रांतीपर्यंत निम्मे संकल्प गारद होतात. माझा कधी होत नसे, कारण मी संकल्पच असा निवडायचे की तो मोडायलाच कष्ट पडावेत. रोज एक पान वाचणार. जेवणात काकडी खाणार. वर्षअखेर माझी ओळ खुणांनी गच्च भरलेली असायची आणि ती मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

गेल्या जानेवारीत मी लिहिलं, ‘रोज सकाळी फिरायला जाणार’. फिरायला मी आधीपासूनच जात होते. पेन खाली ठेवतेय तोच दारात आपा आल्या. आपा आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. मूळच्या खुलताबादच्या, माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठ्या, लिहिण्याच्या नावानं सहीपुरत्या.

“बाई, मेरा भी लिखो ना,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू?”

“मिश्री सोडणार म्हणून लिहा.”

मी लिहिलं. शाळेत माझं अक्षर सगळ्यात वळणदार. फाटकावरचा ‘तंबाखूमुक्त शाळा’ हा फलकही माझ्याच हातचा. आणि हे लिहीत असताना माझ्या पर्समध्ये रुमालाखाली मिश्रीची डबी होती.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना लावायची, ही मिश्री. पिशोरला माझ्या माहेरी दुपारची भांडी झाली की बायका ओट्यावर बसून लावायच्या. दहावीत असताना माझी दाढ दुखली. वहिनीनं प्रेमानं बोटभर मिश्री दिली. दाढेची कळ थांबली आणि मिश्री चिकटली, ती तीस वर्षं. घरी नवऱ्याला माहीत होतं, शाळेत कुणालाच नाही. दर दोन तासांनी बाथरूम, मग चूळ, मग वेलदोडा. इतका चोख बंदोबस्त ठेवल्याचाही मला अभिमान वाटायचा. आता सांगताना लाज वाटते.

आपांच्या ओळीतली खूण रोज मीच करायचे. पहिला आठवडा त्यांचं डोकं ठणकत होतं. एकदा फोडणी करपली, एकदा खिचडीत मीठच पडलं नाही. “बाई, हात लई शिवशिवतो,” त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, “मनावर घेतलं की सगळं जमतं, आपा. सकारात्मक राहायचं.” आणि एवढं सांगून झालं की पर्स उचलून बाथरूमला जायचे.

एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमचं बरोबर हाय बाई. पन ज्याला लागतं त्यालाच कळतं.” मी वह्या तपासायचं नाटक केलं.

सतराव्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे डबे खात होते. मी पेन घेऊन तक्त्याकडं गेले तेव्हा आपा दारातूनच म्हणाल्या, “कालची खूण नका करू. भतीजी के शादी में लगाई मैंने.”

त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण त्यांनी सांगितलं, भरल्या स्टाफरूममध्ये. आमचे एक सर हसले. “जाऊ द्या आपा, तुमच्याच्यानं नाही व्हायचं. ह्या बायकांची सवय कधी सुटत नसते.” बाकीचेही हसले. आपांनी पदर तोंडावर घेतला.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही माहीत आहे. मी गर्रकन वळले.

“हसताय काय सर? तुम्हाला काय कळतंय त्यातलं? मी स्वतः तीस वर्षं मिश्री लावतेय. एक दिवस सुटली नाही माझी! ह्यांनी पंधरा दिवस काढलेत!”

बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. मुख्याध्यापिकांचा घास हातातच राहिला. आता मागं फिरायला जागाच नव्हती. मी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. तक्त्यावरची फिरायला जाण्याची ओळ सगळ्या खुणांसकट खोडली आणि तिच्याखाली लिहिलं, ‘मिश्री सोडणार’. त्या दिवशी माझं अक्षर जरा वाकडंच आलं.

नंतर मी खिचडीच्या खोलीत गेले. आपा पातेलं घासत होत्या.

“मला पैल्यापासून माहीत होतं,” त्या वर न बघता म्हणाल्या. “वेलदोड्यानं वास जातो का, बाई?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी बाई. मी कशी बोलनार?”

मिश्री सोडणं म्हणजे काय ते मग मला कळलं. पुढचे दोन महिने मी घरात कुणाला सहन होण्यासारखी नव्हते. नवरा स्वयंपाकघरात पाय टाकायच्या आधी बाहेरून अंदाज घ्यायचा. फेब्रुवारीत दोनदा घसरले. दोन्ही वेळा आपांना सांगितलं आणि तक्त्यावरचे ते चौकोन कोरे सोडले. गुढीपाडव्याला आम्ही दोघींनी ठरवलं की आज पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचं, आपलं काय, दुसरं नवं वर्ष आहेच. त्यानंतर माझ्या ओळीत एकही चौकोन कोरा नाही, आपांच्याही नाही. काकडीच्या वर्षीच्या भरगच्च ओळीपेक्षा ही फाटकी ओळ मला दसपट प्यारी आहे.

मे महिन्यात पिशोरला गेले. वहिनी आता थकली आहे. मी ओट्यावर टेकले आणि तिनं कमरेची डबी काढली.

“घे की. तुझ्यासाठीच भाजली सकाळी.”

वासानं तोंडाला पाणी सुटलं. हात मांडीखाली दाबून मी म्हणाले, “वहिनी, मी सोडली.”

“सोडली? आन् ते कशापायी? आमच्या हातची नको झाली व्हय?”

मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, डबी बंद केली, कमरेला खोचली आणि आत गेली. माझे लाड करायची तिला ती एकच रीत माहीत होती, आणि मी तिचा हात परतवला होता. मला फार वाईट वाटलं. मी परसात जाऊन आपांना फोन लावला.

“आपा, वहिनीनं दिली. मी नाही घेतली.”

“रोना आ रहा है क्या?”

“हो.”

मग आपा म्हणाल्या, “शाबास, बाई.”

वीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर शाबास लिहीत आले आहे. मला कुणी कधी म्हटल्याचं काही केल्या आठवेना. मी डोळे पुसले आणि त्यांना म्हणाले, पुन्हा म्हणा.

त्यांनी पुन्हा म्हटलं.