पोचल्याचा फोन

अलास्काच्या डोंगराखालच्या त्या गावात कोणीही विमान घेऊन निघालं, की आधी व्हर्ना टोलेफसनला सांगून जाई. विमानं घरचीच, दोन-चार माणसं बसतील एवढी. कुठे चाललो, कधी पोचेन, एवढं सांगायचं आणि पोचल्यावर तिला फोन करायचा. फोन आला नाही, तर शोधपथकाला कळवायचं काम तिचं. घर धावपट्टीच्या टोकाला, म्हणून पूर्वी हे तिचा नवरा करी. तो गेल्यावर ते तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून पाय सुजत, पण सगळे पोचल्याशिवाय ती बूट काढत नसे. तशीच फोनपाशी बसे.

तिला सगळ्यांत जास्त छळलं ऑरिन हॅस्केटने. म्हातारा खिंडीतून डोंगरापलीकडे लेकीकडे जाई आणि फोन करायला हमखास विसरे. मागच्या वर्षी तिने कळवलं, शोधायला हेलिकॉप्टर गेलं, आणि हा लेकीच्या घरी टीव्हीपुढे घोरत पडलेला! गावाला हसायला विषय मिळाला. ऑरिन उलट तिच्यावरच तडकला.

"माझ्या बायकोनेसुद्धा एवढा पहारा ठेवला नव्हता! यापुढे सकाळ होईपर्यंत माझ्या नावाने बोंब मारायची नाही. नाहीतर मी सांगून जाणंच बंद करीन."

"बरं बाबा, नाही मारत," ती म्हणाली. वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं.

त्या ऑक्टोबरात तो असाच दुपारी जेवून निघाला. पोचायची वेळ टळून गेली तरी फोन नाही. लेकीच्या घरी कोणी फोन उचलेना. व्हर्नाचा भाचा क्लीट धावपट्टीवर विमानांत पेट्रोल भरायचा. तो कॉफी प्यायला आला.

"आत्या, काढ ते बूट. म्हातारा कुठेतरी केक हाणत बसला असेल."

"असेल."

"पुन्हा हेलिकॉप्टर बोलावलंस ना, तर गाव तुझी पाठ सोडणार नाही."

मागच्या अंगणात टॉवेल वाळत घातले होते, ते आणायला ती उठली. बाहेर धुकं खाली उतरलं होतं. टॉवेल पत्र्यासारखे ताठ झाले होते. तिने दोरीला हात लावला आणि तिथेच थांबली. करंगळीहून बारीक दोरी अंगठ्याएवढी जाड झाली होती. तिच्यावर काचेसारखा बर्फ चढला होता.

इथे अंगणात एवढा, तर वर खिंडीतल्या ढगांत? पंखांवर बर्फ धरला, की विमान हवेत राहत नाही.

पण तो लेकीकडेच असला तर? मग तो चिडेल, पुढच्या वेळी कोणालाच न सांगता उडेल, आणि तेव्हा त्याला शोधायलाही कोणी जाणार नाही. टॉवेल तिथेच सोडून ती आत आली आणि तिने फोन उचलला.

"आत्या, तू शब्द दिला होतास त्याला!"

"दिला होता."

उजेड मावळायच्या आत हेलिकॉप्टरला तो सापडला. खिंडीच्या अलीकडच्या उतारावर विमान उलटं पडलेलं, आत ऑरिन, खुबा मोडलेला, बोटं काळीनिळी पडलेली. सकाळपर्यंत टिकला नसता, असं पथकातले लोक म्हणाले.

व्हर्ना इस्पितळात भेटायला गेली, तेव्हा तो छताकडे बघत होता.

"सकाळपर्यंत थांबायचं ठरलं होतं आपलं."

"थांबणार होते. दोरी बघितली आणि राहवलं नाही."

कसली दोरी, हे त्याने विचारलं नाही.

"पंख जड व्हायला लागले, तेव्हा वाटलं, आता सकाळपर्यंत कोणी येत नाही. मीच सांगून ठेवलंय."

तो पुन्हा कधी उडाला नाही. काठी टेकत दुकानापर्यंत जातो, परत येतो, आणि घरात शिरल्या शिरल्या फोन करतो.

"व्हर्ना, पोचलो गं."

"बरं," ती म्हणते. मग खिडकीतून खिंडीकडे बघते. आणखी कोणी वर नसेल, तर वाकून बुटांच्या नाड्या सोडते.