एक पुरुष कमी

डॉक्टरांनी बायकोला चालायला सांगितलं होतं. साखर काठावर आली आहे, गोळी टाळायची असेल तर रोज घाम निघेल असं काहीतरी करा, असं ते म्हणाले. घरी येताना मी तिला चालण्यासाठी दोन मैदानं सुचवली. सिग्नल सुटेपर्यंत तिने ओढणी नीट बांधून घेतली. मग म्हणाली, चालणार नाही, नाचणार. साल्सा शिकणार.

हा शब्द आमच्या घरात मुलीकडून आला. ती पुण्याला नोकरी करते आणि शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर साल्सा करायला जाते. तिथले व्हिडिओ आईला पाठवते. बायको ते जेवताना पुन्हा पुन्हा बघायची. हा जोडीचा नाच आहे, पुरुषाने हात धरून वळवायचं आणि बाईने वळायचं, हे मला त्या व्हिडिओंतूनच कळलं.

"तुम्ही येणार असाल तरच," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे. गोळी घेईन."

नाचाचं वेड तिला पहिल्यापासून होतं. लग्नानंतरच्या पहिल्या चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ती डीजेपुढे दोन तास नाचली होती आणि मी तिच्या चपला पिशवीत घालून कडेकडेने चालत होतो. मुलगी झाल्यावर तीही माझ्याबरोबर कडेने चालू लागली. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मी येतो म्हणालो. फक्त आधी बघून घेऊ, एवढंच.

आमच्या घरात कुठलीही गोष्ट तीन ठिकाणी बघितल्याशिवाय घेतली जात नाही. मिक्सर तसाच घेतला, मुलीचं कॉलेज तसंच ठरवलं, सिडकोतला फ्लॅटही तसाच. आजूबाजूच्या चार इमारती पावसाळ्यात गळतात, आमची गळत नाही. सातपूरला एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करत माझं आयुष्य चाललं आहे; तिथेही तीन दरपत्रकांशिवाय खरेदी होत नाही. ती पद्धत अंगात मुरली आहे.

नाशिकमध्ये साल्सा शिकवणाऱ्या बऱ्याच जागा निघाल्या. प्रत्येक ठिकाणी पहिला तास फुकट असतो, त्याला डेमो म्हणतात. आम्ही डेमो घेत फिरायचं ठरवलं. मी ठरवलं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

पहिली शाळा गंगापूर रोडला तळघरात होती. तीन भिंतींना आरसे, लाकडी जमीन, एसी. शिकवणाऱ्या मुलीने आधी विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी म्हणालो, कुणाचं नाही. मग ॲनिव्हर्सरी? तीही नाही. ती जरा गोंधळली. तिच्याकडे येणारी बहुतेक जोडपी लग्नाच्या हॉलवर एक गाणं बसवण्यासाठी यायची, दोन महिन्यांत शिकून जायची. तिथे ज्याने त्याने आपल्याच जोडीदाराबरोबर नाचायचं. मला ते पसंत पडलं. तिने आम्हाला पहिलं पाऊल शिकवलं: पुरुषाने डावा पाय पुढे टाकायचा, जागेवर यायचं, मग उजवा मागे. आठ ठोके असतात, पण चौथा आणि आठवा म्हणायचा नाही, त्यावर नुसतं थांबायचं. मला ते पटेना. मी ते दोन्ही आकडे हळूच म्हणत होतो.

दुसरी जागा इंदिरानगरला एका जिमच्या वर होती. फी सगळ्यांत कमी. तिथे चाळीसेक बायका ओळींत उभ्या राहून उड्या मारत होत्या आणि माइकवरून एक तरुण त्यांना ओरडून उत्साह देत होता. शेवटची पंधरा मिनिटं साल्सा. पुन्हा तेच पहिलं पाऊल, पण आधी उजवा पाय मागे. बाहेर आल्यावर बायको म्हणाली की ही नुसती कवायत आहे, एवढी तर ती शाळेत रोज घेते.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सायखेड्याच्या थोडं पुढे. सकाळी लवकर निघते. संध्याकाळी आली की आधी हॉलमध्ये फरशीवर दहा मिनिटं पाठ टेकते, मग चहा ठेवते. मीही त्याच सुमारास घरी येतो आणि खुर्चीत बसून तिच्याकडे बघत असतो. दोघांनाही बोलायचं त्राण नसतं. त्या अवस्थेतून उठून आम्ही डेमोला जायचो. एकदा कपडे बदलून ती पलंगाच्या कडेला बसली ती बसूनच राहिली. त्या दिवशी गेलोच नाही.

तिसरी शाळा पंचवटीत. भाजी बाजाराच्या मागे एका जुन्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल संध्याकाळी भाड्याने मिळतो, तिथे. आरसा एकच, तोही स्टेजमागच्या वधूपक्षाच्या खोलीतून आणून भिंतीला टेकवलेला. शहाबादी फरशी. शिकवणारा तिशीतला, पुण्यात शिकून आलेला. त्याचा एक नियम होता आणि तो त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितला. सगळ्यांनी गोलात उभं राहायचं. एक गाणं संपलं की तो "चेंज" म्हणणार, की प्रत्येक पुरुषाने पुढच्या बाईकडे सरकायचं. नवरा-बायको म्हणून सवलत नाही. एक काकू कुरकुरल्या तेव्हा तो हसत म्हणाला, "काकू, नवऱ्याबरोबर शिकलात की नाच कमी आणि चुका जास्त काढाल. घरी आहेच की तो."

मी त्या तासाला माझ्या पायांकडे बघत होतो. बायको औषधाचं दुकान असलेल्या एका पोक्त गृहस्थांबरोबर नाचली, मग एका कॉलेजच्या मुलाबरोबर. त्यांच्याबरोबर नाचताना ती खाली बघत नव्हती. माझ्याकडे आली की बघायची, कारण मी मोजत असायचो.

परतताना तिने विचारलं, "मग ठरलं का?"

मी म्हणालो की फरशी कडक आहे, तुझे गुडघे बघता लाकडी जमीन बरी. शिवाय घरापासून सगळ्यांत लांब हीच. नाशिक रोडला अजून एक आहे म्हणतात, ती बघू.

नाशिक रोडची बघितली. पुन्हा डावा पाय पुढे, जागेवर, उजवा मागे. तिथून निघताना ती म्हणाली, "आपण चौथ्यांदा पहिलीत बसलोय. माझ्या वर्गात एवढ्या वेळा कुणाला बसवत नाहीत."

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं.

तरी एक गोष्ट बघायची राहिली होती. शिकून पुढे जायचं कुठे? मुलीने सांगितलं होतं की पुण्यात सोशल नावाचा प्रकार असतो, रात्री नऊला सुरू होतो, शहरातल्या सगळ्या शाळांची माणसं एका ठिकाणी येऊन नाचतात. नाशिकमध्ये तो रविवारी संध्याकाळी सहाला असतो आणि साडेआठला लोक घड्याळ बघू लागतात, कारण सोमवारी पहिली पाळी असते. कॉलेज रोडच्या एका हॉटेलची गच्ची. अर्ध्या टेबलांवर मुलाबाळांची कुटुंबं पिझ्झा खात होती, मधल्या जागेत साल्सा. ती जागा आमच्या घरच्या हॉलपेक्षा फार मोठी नव्हती. मला निदान आवाज तरी मोठा असेल असं वाटलं होतं, पण खालच्या मजल्यावर दवाखाना असल्यामुळे तोही बेताचाच होता. मोठ्या शहरातलं रात्रीचं जग म्हणून लोक जे सांगतात ते नाशिकमध्ये अंधार पडता पडता उरकतं. मला त्यात गैर वाटलं नाही. घरी वेळेवर पोचता येतं.

सोशलचा रिवाज असा की कुणीही कुणालाही एका गाण्यासाठी विचारू शकतं. बायकोने मोरपंखी कुर्ता घातला होता, पायात पट्ट्यांच्या चपला, त्यासाठी मुद्दाम घेतलेल्या. आम्ही टेबलाशी बसलो. दोन गाणी झाली. मी मॅनेजरकडे गेलो होतो, प्रवेशाच्या कुपनात खाणं धरलं आहे का आणि पार्किंग वेगळं आहे का ते विचारायला. वळून बघितलं तर पंचवटीचे ते औषधवाले गृहस्थ तिच्यापुढे उभे होते. तिने माझ्याकडे बघितलं. परवानगीसाठी नव्हे, एवढं मला तेव्हाही कळलं. मी येतोय का ते ती बघत होती. मॅनेजर पार्किंगचं सांगत होता. मी त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. तोवर ती उठून गेली होती.

परत आली तेव्हा तिचा श्वास लागला होता आणि कपाळाला घाम होता. डॉक्टरांना हवा होता तसा. ती अख्खा ग्लास पाणी प्यायली. मी सांगितलं की खाणं वेगळं आहे, पार्किंग नाही.

"बरं," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिने पंचवटीला एकटीने नाव घातलं. मला जेवताना सांगितलं, आवाज न चढवता. तिथे जोडीने यावं लागत नाही, चेंजमुळे कुणीतरी मिळतंच. शिवाय सायखेड्याची बस निमाणीला थांबते, तिथून ते कार्यालय पाच मिनिटांवर आहे. घरी येऊन पुन्हा उठायला नको. मी सगळी अंतरं घरापासून मोजली होती. ती घरून निघणारच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी म्हणालो, मीही येतो मग. ती म्हणाली, तुम्ही बघून घ्या आधी. टोमणा होता, पण थकलेल्या आवाजातला. भात वाढून ती उठली.

त्यानंतर मंगळवारी आणि गुरुवारी मी सातपूरहून परस्पर पंचवटीत जायचो आणि कार्यालयाच्या बाहेर गाडी लावून थांबायचो. साडेसातला ती खाली यायची, मागे बसायची, आम्ही पूल ओलांडून सिडकोला यायचो. घरी खिचडी. तिची साखर उतरली. त्याबद्दल मी डॉक्टरांसमोर समाधान व्यक्त केलं. पूर्वी ती मला कशासाठी तरी विचारायची. या सिनेमाला येता का, तिकडे जाऊ या का. मी बहुतेक वेळा बघू म्हणायचो आणि ती पुन्हा विचारायची. आता ती विचारत नव्हती. घरात भांडण नव्हतं, काही नव्हतं. मी हँडलवर हात ठेवून तिथे थांबायचो आणि वरून गाण्याचा आवाज आणि "चेंज" ऐकू यायचं.

एका गुरुवारी कारखान्यात संध्याकाळी वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी पावणेसातलाच पोचलो. गाडीवर बसून कंटाळा आला म्हणून जिना चढलो आणि दाराशी उभा राहिलो.

गोल चालू होता. सवयीने मी मोजलं. नऊ बायका, आठ पुरुष. म्हणजे प्रत्येक गाण्याला एक बाई मोकळी राहणार. ती मोकळी बाई बाजूला बसत नव्हती. तशी पद्धत नव्हती. ती जागेवरच, समोर कुणीतरी आहे असे हात धरून, पावलं टाकत होती. एक हात हवेत खांद्याच्या उंचीवर, दुसरा कुणाच्या तरी तळहातावर ठेवल्यासारखा. मी बघितलं तेव्हा पाळी बायकोची होती. शाळेतला कॉटनचा ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. ती खाली बघत नव्हती. समोर, साधारण माझ्या उंचीवर बघत होती. माझी उंची तिला पाठ असणारच, पण तिने ती मुद्दाम धरली होती की पुरुषांची सरासरीच तेवढी, ते मला सांगता येणार नाही.

मी बूट काढू लागलो. वाटेतल्या पावसाने लेस ओल्या होत्या, गाठ सुटेना. शिकवणाऱ्याने मला बघितलं, तो आनंदला. त्याला पुरुष नेहमीच कमी पडत. "या सर, या, रिकाम्या जागेवर उभे राहा," एवढंच म्हणाला. फी, फॉर्म, काही विचारलं नाही. मोज्यांत मी आत शिरलो तोवर त्याने चेंज म्हटलं होतं आणि रिकामी जागा एकाने पुढे सरकली होती. बायकोसमोर कॉलेजचा मुलगा आला होता. मला तिच्या शेजारची जागा मिळाली, बँकेत काम करणाऱ्या एका बाईंसमोर.

म्हणजे मी तिच्या अगदी लगत होतो, पण पुढच्या बाजूला. गोल पुढेच सरकतो. तिच्यापर्यंत यायला मला आठ चेंज लागणार होते.

मी मान वळवली. तिने मला बघितलं होतं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. वर्गात उशिरा आलेल्या पोराला ती असंच बघत असेल.

पहिलं पाऊल मला येत होतं. चार ठिकाणी शिकलो होतो. पुढचं काहीच येत नव्हतं. सगळे हात वर करून बाईला वळवायचे तेव्हा मी नुसता हात वर करायचो आणि समोरच्या बाई आपणच वळून यायच्या. एका काकूंनी मला धीर दिला. एका मुलीच्या पायावर मी पाय दिला. घाम डोळ्यांत उतरत होता, दिवसभराची कंबर बोलत होती, आणि गोलाच्या पलीकडे कुर्त्याची, टी-शर्टची एकेक पाठ तिच्यासमोर येऊन पुढे जात होती. साडेसातला वर्ग संपतो. त्यानंतर हॉल भजनी मंडळाचा असतो. बायका टाळ घेऊन दाराशी जमायलाही लागल्या होत्या.

सातव्या चेंजनंतर मी तिच्या अलीकडे पोचलो. ते गाणं लांब होतं. ते संपलं तेव्हा शिकवणाऱ्याने घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं. मग चेंज म्हणाला.

ती समोर आली. तिचा तळहात गरम आणि ओला होता. खडूचा वास येत होता. मी नेहमीप्रमाणे ओठांत मोजायला लागलो आणि तिने माझी बोटं किंचित दाबली.

"मोजू नका," ती म्हणाली. "हात ढिला ठेवा. मी वळते."

मी हात वर केला. ती वळली, परत आली, आणि खाली न बघता उभी राहिली. पुढचं पाऊल टाकणार तोच गाणं बंद झालं. भजनी मंडळाची सतरंजी आत आली.

जिना उतरताना तिने माझ्या मोज्यांकडे बघितलं. तळवे काळे झाले होते. मंगळवारी जुने कॅनव्हासचे बूट आणा, असं ती म्हणाली, माळ्यावर आहेत ते. मी बरं म्हणालो. गाडी सुरू होईपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. तिला उभं राहवत नव्हतं. मलाही.

शाळांच्या तुलनेबद्दल माझं मत बदललेलं नाही. फरशी कडकच आहे. पण बसथांब्यापासूनचं अंतर धरलं तर पंचवटीच पहिली येते.