गणूतात्यांचा कोयता

परवा सून सिलिंडर बदलत होती. क्षणभर गॅसचा वास सुटला आणि मला आष्ट्यातलं माझं पत्र्याचं शेड आठवलं. सत्तरच्या दशकात तिथं मी कोयते-सुऱ्या घडवायला गॅसची भट्टी बनवली होती. जुनं लोखंडी पिंप, आतून मातीचा जाड लेप, बाजूनं पाइप. तरी गिऱ्हाइकं कोळशाच्या भट्टीवाल्या गणूतात्यांकडंच जायची. मला घण धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

एके दिवशी तात्या स्वतःच भट्टी बघायला आले. सोबत चार ऊसवाले शेतकरी होते. तात्यांनी आपला नवा कोयता पुढं केला. "जरा तापीव रं. बघू तुझ्या गॅसचा जोर."

मी तो पांढुरका होईपर्यंत तापवला आणि तसाच गार पाण्यात बुडवला. असं केलं की पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. तात्यांना आता तापल्या लोखंडाचा रंग नीट दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. मग सगळ्यांदेखत मी कोयता ऐरणीवर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

"आवं तात्या, असलं देता व्हय लोकांस्नी?"

शेतकरी हसले. तात्यांनी तुकडे उचलले आणि मोडल्या जागेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"माझंच काय तरी चुकलं असंल," ते म्हणाले. "तुझी भट्टी झ्याक हाय, गड्या."

त्या हंगामात सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. तात्यांनी भट्टी पेटवलीच नाही.

जास्त तापलेलं पोलाद मोडलं, की आतले दाणे जाड लागतात. ते त्यांच्या अंगठ्याला कळलेच असणार, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली.